डेथ व्हॅली, मोटरसायकल आणि सासूबाई

रविवार, ६ एप्रिल
मोटरसायकल घरी आली. सेकंडहँड, पण काळी, अवजड, दोन्ही अंगांना पेट्या. गॅरेजमध्ये लावली. नोरीनची गाडी आता बाहेर उन्हात. नोरीन बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. बायकोचं कौतुक असं एकदम तोंडावर येत नाही.

शेल्बी म्हणाली, "डॅड, ही तुला झेपणार आहे का?" मुलगी सतरा वर्षांची, जीभ चाळिशीची. मी म्हणालो, बेकर्सफील्डमधल्या निम्म्या पोरांना गाडी मी शिकवलीय, ब्रेक कुठे असतो ते या गावाला मी दाखवलंय. ती म्हणाली, "मला नाही दाखवलास." खरं आहे. ती मैत्रिणीच्या आईकडून शिकली. स्वतःच्या घरात ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर असताना. हा घाव मी विसरलेलो नाही.

सासूबाई मागच्या खोलीच्या खिडकीतून बघत होत्या. त्या खोलीत पूर्वी माझा टीव्ही होता, माझी आरामखुर्ची होती. आता त्या आहेत.

संकल्प: रोज सकाळी सराव. चिडायचं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल
सराव झाला नाही. वारा होता. आणि सराव लागतो नवशिक्यांना.

घरात सगळे मलाच दोष देतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. सासूबाई म्हणजे व्हर्ना, वय अठ्ठ्याहत्तर. ऑइलडेलला स्वतःच्या घरात एकट्या राहत, स्वतः गाडी चालवत. गेल्या ऑक्टोबरात मी स्वतःहून, फुकट, त्यांची परीक्षा घेतली. नापास. एका वळणावर सिग्नल उशिरा दिला. शिवाय परीक्षा चालू असताना परीक्षकाला म्हणाल्या, "वेंडल, पोट जरा आत घे, उजवीकडचा आरसा दिसत नाही." याचा निकालाशी संबंध नाही. परवाना खात्याला कळवणं माझं कर्तव्य होतं, कळवलं. लायसन्स गेलं. गाडी विकावी लागली. गाडी नाही म्हणजे ऑइलडेलला एकटं राहणं नाही, म्हणून नोरीनने त्यांना आमच्याकडे आणून ठेवलं.

हा शेवटचा भाग मी कळवताना विचारात घेतला नव्हता. पण कर्तव्य करताना माणूस एवढा पुढचा विचार करत बसत नाही.

गुरुवार, १० एप्रिल
योजना. ईस्टरच्या सुट्टीत डेथ व्हॅलीत तंबू ठोकायचे. सासूबाईंनाही न्यायचं, असं मी जेवताना जाहीर केलं. नोरीनचे डोळे भरून आले. म्हणाली, "वेंडल, मला वाटलं नव्हतं तू असं म्हणशील." तिला काय माहीत.

वाळू, वारा, जमिनीवर झोप, शौचाला जायचं तर अर्धं मैदान तुडवत जायचं. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच म्हणतील, बाबांनो, मला कुठेतरी नीट सोय असेल तिथे ठेवा. टेहाचापीला उत्तम वृद्धाश्रम आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. मला डोंगर दिसला नाही तरी चालेल, टीव्ही दिसला पाहिजे.

त्या तिघी गाडीतून येणार, मी मोटरसायकलवर. नोरीन म्हणाली, "चौघं मावतो की एका गाडीत." मी म्हणालो, मावणं वेगळं आणि जगणं वेगळं. वाक्य चांगलं जमलं होतं. तोवर ती भांडी घासायला गेली होती.

शुक्रवार, ११ एप्रिल
मोटरसायकल गॅरेजमध्येच आडवी झाली. फ्रीझरच्या दारावर. गॅरेजला उतार आहे, बांधणाऱ्याला अक्कल नव्हती. उचलायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं. सासूबाई दारात कॉफी घेऊन उभ्या. म्हणाल्या, "चालू करायच्या आधीच पाडलीस. पेट्रोल वाचलं."

चिडलो नाही. फक्त दार आपटलं.

शनिवार, १२ एप्रिल. मेस्किट स्प्रिंग कॅम्प, डेथ व्हॅली
मी पुढे, गाडी मागे, असं ठरलं होतं. टेहाचापीच्या पुढे वाऱ्याने मला असं धरलं की मी एका लेनमध्ये तिरका आणि मान दुसऱ्या लेनमध्ये. ट्रक गेला की मी कडेच्या पांढऱ्या रेषेवर. मोहाव्हीच्या अलीकडे नोरीनने मला ओलांडलं. मागच्या काचेतून सासूबाईंनी हात हलवला. राणी हलवते तसा, सावकाश.

पॅनामिंटच्या हॉटेलवर पोहोचलो तेव्हा त्यांचं बर्गर खाऊन झालं होतं, मिल्कशेकचे ग्लास रिकामे होते. माझी बोटं हँडलच्या आकारातच राहिली होती. शेल्बीने विचारलं, "कसं वाटलं, डॅड?" म्हणालो, मोकळं. बसायला खुर्ची ओढली, पण गुडघे वाकेनात म्हणून उभ्यानेच खाल्लं. नोरीन म्हणाली, बस की. मी म्हणालो, दिवसभर बसलोच होतो.

पुढचा घाट उतरताना ब्रेक इतका दाबला की वास आला. शिकवताना मी हेच करू नका म्हणून सांगतो. पण ते चारचाकीला.

तंबू. मी सूचना वाचून दाखवत होतो, तेवढ्यात वाऱ्याने आमचा तंबू उचलला आणि एका झुडपावर नेऊन टाकला. एक काठी मोडली. सासूबाईंनी आपल्या तंबूत आधी चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होते. आधी म्हणजे मी सूचना वाचायच्या आधी. मला सांगायला काय जात होतं?

रविवार, १३ एप्रिल
सकाळी उठलो तो हवेच्या गादीतली हवा गेलेली आणि पाठीत कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं. नोरीन म्हणाली तू घोरत होतास. झोपच नव्हती तर घोरणार कुठून.

बाहेर सासूबाई उन्हात बसून बेकन तळत होत्या. केस विंचरलेले. मी सहानुभूतीने विचारलं, रात्री फार त्रास झाला असेल ना. म्हणाल्या, "सहा महिन्यांत पहिल्यांदा अशी झोप लागली. तुमच्या त्या खोलीत भिंतीपलीकडे गॅरेज, रात्रभर फ्रीझर कण्हत असतो." फ्रीझरवर टोमणा. अजून दोन दिवस आहेत. वाळवंट हळूहळू काम करतं.

दुपारी वाळूच्या टेकड्या बघायला गेलो. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला उभी केली. स्टँड मऊ मातीत रुतला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सावकाश, अगदी प्रतिष्ठेने, आडवी झाली. चार जर्मन लोकांनी उचलली. मला हात लावू दिला नाही. माझे बूट चढायला योग्य नसल्याने मी तिच्याजवळ थांबलो. सासूबाई अनवाणी, शेल्बीचा हात धरून, टेकडीच्या माथ्यावर. तिथून दोघी बसून घसरत खाली आल्या. शेल्बी एवढी हसताना मी कधी पाहिली होती, आठवावं लागेल.

हाडांना हे असलं घसरणं घातक. उद्या दुखेल. उद्या बोलतो.

सोमवार, १४ एप्रिल
दुखलं नाही.

तरीही संध्याकाळी बोललो. बीन्सचं जेवण चाललं होतं. मी अत्यंत शांतपणे विषय काढला. टेहाचापी, डोंगर, तीन वेळा गरम जेवण, समवयस्कांची सोबत. मग सासूबाई म्हणाल्या, "बरं. मला तिथे सोडायला कोण येणार? तू? त्या फटफटीवर?"

शेल्बी फिसकन हसली. मी म्हणालो, हा हसण्याचा विषय नाही, हा वयाचा आणि सुरक्षिततेचा विषय आहे. शेल्बी म्हणाली, "डॅड, आठवड्यात तीनदा तू पडलायस, आजी एकदाही नाही." मी म्हणालो तीनदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी वर नव्हतो. मोटरसायकल पडली, मी नाही. हा फरक तिला कळत नाही.

सासूबाईंनी ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "वेंडल, ऑइलडेलला माझं घर आहे. पुढच्या दारी लिंबाचं झाड आहे, त्याला सहा महिन्यांत माझ्या हातचं पाणी नाही. नोरीनचा बाप ऑर्विल गेला त्या घरात. मीही तिथेच जाणार होते. तुझी खोली मला नको होती, आणि हा तुझा डोंगरही नको. मला फक्त दुकानापर्यंत आणि परत घरी येता यायला हवं होतं."

मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जाण्याची त्यांची पद्धत जुनी आहे.

नोरीन माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणून आणलंस तू आईला इथे?" मी म्हणालो, हवापालट. ती उठली आणि शेल्बीच्या तंबूत झोपायला गेली. म्हणजे मला मोडक्या काठीच्या तंबूत ऐसपैस जागा. हे चांगलंच झालं.

मंगळवार, १५ एप्रिल. सकाळ
कोणी बोलत नाही. कॉफी माझी मीच ओतून घेतली, म्हणजे उरलेला गाळ.

आज ज्वालामुखीचं विवर बघायला. तिथून पुढे एक कच्चा रस्ता जातो. त्यांना एकदा दाखवतो मी काय आहे ते. पडणारा माणूस नव्हे, चालवणारा. मग बोलतील.

गुरुवार, १७ एप्रिल. लोन पाइन, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय, उजव्या घोट्यात स्क्रू घातलेत. डॉक्टर म्हणाला नशीबवान आहात. मला तसं वाटलं नाही.

झालं ते असं. नोरीन आणि शेल्बी विवराच्या कडेने फेरी मारायला गेल्या. सासूबाई गाडीतच, सावलीला, किल्ली त्यांच्याकडे. एसीसाठी. मी त्यांना म्हणालो, जरा पुढे जाऊन येतो. त्या म्हणाल्या, "त्या रस्त्यावर ही फटफटी नेऊ नकोस." आता त्यांनी असं म्हटल्यावर काय करणार होतो?

रस्ता म्हणजे कपडे धुवायच्या फळीसारखा, आडव्या पन्हळी. दात वाजायला लागले. आरशात सगळं दोन दोन. थोडं अंतर उत्तम गेलो, हे लिहून ठेवलं पाहिजे. मग खडी. पुढचं चाक एकीकडे, मी दुसरीकडे, आणि मागचा सगळा डोलारा माझ्या पायावर. बुटासकट पाय पेटीखाली. हलेना. फोनला रेंज नाही. टोपी, पाणी, दोन्ही गाडीत. ऊन माथ्यावर. ओरडून पाहिलं. आवाज कुठेच आपटला नाही, परतही आला नाही. एक सरडा आला, बघून गेला.

भीती वाटली असं म्हणणार नाही. पण नोरीनला काय काय सांगायचं राहिलंय याची मनात जुळवाजुळव सुरू झाली होती, आणि त्यात फारसं काही निघेना, याचं आश्चर्य वाटलं.

मग धूळ दिसली. नोरीनची गाडी. मला वाटलं नोरीन. दार उघडलं तर सासूबाई. एवढ्या वाईट अवस्थेतही माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुमच्याकडे लायसन्स नाही." त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे आहे. उपयोग झाला का?"

मोटरसायकल त्यांना उचलता येणं शक्यच नव्हतं. त्यांनी उचलायचा प्रयत्नही केला नाही. आधी मला पाणी पाजलं, माझ्या तोंडावर आपली टोपी ठेवली. मग सामानातून तळणीचं भांडं आणलं, गुडघ्यांवर बसल्या, आणि माझ्या पायाखालची खडी उकरायला लागल्या. भांडं भरायचं, फेकायचं, भरायचं. मधे मधे थांबून श्वास घ्यायच्या. मी म्हणालो, नोरीनची वाट बघू. म्हणाल्या, "नोरीन विवराच्या पलीकडे आहे, तू उन्हात आहेस. गप्प पड." हाताची नखं तुटली त्यांच्या. रक्त आलं होतं. पाय सुटला तेव्हा मी ओरडलो आणि त्याही ओरडल्या, पण त्यांचं ओरडणं वेगळं होतं.

मागच्या सीटवर सरपटत गेलो. त्यांनी गाडी वळवली. मी आडवा पडल्या पडल्या म्हणालो, आधी आरसा बघा. सासूबाई म्हणाल्या, "वेंडल, अजून एक शब्द आणि तुला उतरवीन." त्या फळीच्या रस्त्यावरून इतकं हळू, इतकं अलगद आणलं की एकदाही पाय आपटला नाही. बाहेर बघता येत नव्हतं म्हणून सिग्नल दिला की नाही ते सांगता येणार नाही.

विवरापाशी नोरीन आणि शेल्बी रिकाम्या जागेकडे बघत उभ्या होत्या. गाडी नाही, मोटरसायकल नाही, आई नाही, नवरा नाही. मला बघून नोरीनने किल्ली मागितली आणि दोनदा वाळूत पाडली. पार्कच्या रेंजरने पाय बांधून दिला आणि म्हणाला, थांबू नका. लोन पाइनपर्यंत सासूबाईंनीच आणलं. दोन घाट. बेकायदेशीर. मी हे रेंजरला सांगणार होतो, पण शेल्बीने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की राहून गेलं.

शनिवार, २६ एप्रिल. घरी
जिना चढता येत नाही, म्हणून मला खालच्या मागच्या खोलीत ठेवलंय. थोडक्यात, माझी खोली मला परत मिळाली. टीव्हीसुद्धा. सासूबाई आता वर आमच्या बेडरूममध्ये, नोरीनसोबत. योजनेचा एक भाग यशस्वी म्हणायला हरकत नाही.

रात्री फ्रीझरचा आवाज फार येतो.

नोरीन कामावर, शेल्बी शाळेत. दिवसभर मी आणि सासूबाई. त्या अंडी उकडून देतात, औषधं देतात, बेसिनपाशी धरून उभं करतात. आंघोळीला धरू द्यायला मात्र मी नकार दिला. मग तीन दिवसांनी दिला नाही. रिमोट त्यांच्याकडे असतो. त्यांना स्वयंपाकाच्या स्पर्धा आवडतात.

मंगळवार, १३ मे
नोरीनने मोटरसायकल विकली. मला विचारून. म्हणजे म्हणाली, "विकलीय, बरं का." घेणारा एक दातांचा डॉक्टर. नवशिक्या. बसायची पद्धत खिडकीतून पाहिली, पडणार.

नोरीन माझ्याशी बोलते, पण हवामानासारखं. आज ऊन आहे. जेवायला चिकन आहे. मी म्हणालो, तुझ्या मनात काही असेल तर बोल. ती म्हणाली, "आईने तुला शोधलं नसतं तर, एवढंच मनात असतं." त्यावर मी म्हणालो, कोणीतरी आलंच असतं. तिने दिवा घालवला. दुपार होती.

सासूबाईंनी लायसन्ससाठी पुन्हा अर्ज केलाय. शेल्बी त्यांना नियम पाठ करायला घेते, स्वयंपाकघरात, मोठ्याने. मी आतून दोन उत्तरं दुरुस्त केली. दार लावून घेण्यात आलं.

शनिवार, २४ मे
पास.

परीक्षकांचा दर्जा हल्ली बराच घसरलाय.

शेल्बीने केक आणला. मलाही तुकडा मिळाला, कडेचा.

मंगळवार, ३ जून
सासूबाई रविवारी ऑइलडेलला जाणार. कायमच्या. नोरीन आणि शेल्बी रोज संध्याकाळी तिकडे घर झाडायला, पुसायला जातात. शेल्बी उन्हाळाभर आजीकडेच राहणार म्हणते. नोरीन "अधूनमधून" राहील. अधूनमधून म्हणजे किती, हे विचारलं. म्हणाली, "बघू."

म्हणजे ऑक्टोबरापासून मी जे म्हणत होतो तेच झालं. सासूबाई आमच्या घरातून जातायत. आनंद व्हायला हवा, झालाच आहे. फक्त सोमवारी सकाळी अंडी कोण उकडणार, हे कोणी ठरवलेलं दिसत नाही.

गुरुवार, ५ जून
फिजिओथेरपीला सासूबाईंनी नेलं. मी शेजारच्या सीटवर. वीस वर्षं मी याच बाजूला बसतोय, पण माझ्या पायाखाली नेहमी एक जादा ब्रेक असतो. इथे नव्हता. तरी दोनदा दाबला. प्लास्टरच्या पायाने.

चुका शोधत होतो. स्टॉपला पूर्ण थांबल्या. आरसे पाहिले. शाळेपाशी वेग कमी. वळणावर सिग्नल दिला, वेळेत. मी पोट आत घेऊन बसलो होतो, त्याचाही फायदा झाला असेल.

परत येताना सिग्नलला थांबलो असताना त्या म्हणाल्या, "वेंडल, ऑक्टोबरात मी नेमकं काय चुकले होते? विचारायचं राहूनच गेलं."
मी म्हणालो, वळणावर सिग्नल उशिरा दिलात.
"कोणत्या वळणावर?"
मी म्हणालो, तेवढं आता नेमकं आठवत नाही.
"मला आठवतं," त्या म्हणाल्या. "आपण सरळ रस्त्याने गेलो होतो. दुकानापर्यंत आणि परत."

हिरवा दिवा लागला. त्यांनी गाडी काढली. मी एसीची झडप उघडली, मग बंद केली. ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

घरी आलो. त्या फेरी घालून माझ्या बाजूला आल्या, दार उघडलं आणि हात पुढे केला. नखं अजून नीट वाढलेली नाहीत. मी थोडा वेळ गाडीतच बसून राहिलो. त्याही तशाच उभ्या, हात पुढे.

धरला. आमच्या फुटपाथची कड जरा जास्तच उंच आहे, नगरपालिकेला कळवायला हवं.